चार हेक्टरचे दहा एकर

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला पटवाऱ्याने शेवटची खुंटी ठोकली, ती सरलाच्या बोरिंगच्या पलीकडे.

जुना बांध तिथून सोळा फूट अलीकडे होता आणि बोरिंग बांधापासून दहा फुटांवर. म्हणजे सकाळपर्यंत जे पाणी सरलाचं होतं ते आता कागदाच्या हिशेबाने तिच्या दोन नंबरच्या भावाचं, शिवाजीरावांचं झालं. आणि शिवाजीराव तर आपला हिस्सा विकायला निघाले होते. सगळी मोजणी त्यासाठीच चालली होती.

तीन दिवस उन्हात उभं राहून माणसं इतकी शिणली होती की भांडायलासुद्धा आधी कुठेतरी टेकायला हवं होतं. हंबीरराव, सगळ्यांत थोरले, वय चौऱ्याहत्तर, टोपी काढून घाम पुसत खुंटीकडे बघत राहिले. त्यांचा मुलगा रणवीर फोन बघत होता. शिवाजीराव खुंटी सोडून बाकी सगळीकडे बघत होते.

"देख लो साब," पटवारी मशीनचा दांडा खांद्यावर टाकत म्हणाला. "दस एकड़ बडे साब का, दस एकड़ छोटे साब का. दोनों पूरे. बाई साब के हिस्से में जो बचा सो बचा. मशीन अपने मन से कुछ नी करती."

"किती उरलं?" सरलाने विचारलं.

"एक पॉइंट नौ शून्य छह हेक्टर."

"एकरात सांगा."

पटवाऱ्याने फोनवर बोटं चालवली. "चार पॉइंट इकहत्तर."

पाच लिहिले होते. आबासाहेबांच्या, म्हणजे या तिघांच्या वडिलांच्या मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलं होतं: थोरल्याला दहा एकर, धाकट्याला दहा एकर, चि. सरला हिला पाच एकर. तिरल्याच्या रस्त्यापासून खाली नाल्यापर्यंत हा एकच लांब पट्टा, सरकारी खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदीत, दहा हेक्टर. रस्त्याकडून हंबीरराव, मध्ये शिवाजीराव, नाल्याकडे सरला. आबासाहेबांनी मृत्युपत्र केलं त्याच उन्हाळ्यात दोन बांधही घालून दिले होते, आणि चौतीस वर्षं त्या बांधांवरून कुणाचं कुणाशी वाकडं आलं नव्हतं. तीन दिवसांपूर्वी पटवाऱ्याने विचारलं, "कहाँ से चालू करें?" तेव्हा तिघांच्या तोंडून एकदमच आलं, थोरल्याकडून. या घरात आरती थोरल्यापासून, पान थोरल्यापासून, श्राद्धाला पाटसुद्धा थोरल्यापासून. सरलानेही तेच म्हटलं होतं. दुसरं काही म्हणता येतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

"सोमवारी तहसीलला तारीख आहे," रणवीर म्हणाला. "आज पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या तर ठीक, नाहीतर पुन्हा दोन महिने."

"मेरे को चार बजे सरदारपुर निकलना है भिया," पटवारी म्हणाला आणि डबा घेऊन नाल्याकडच्या सावलीला निघून गेला.

सरलाने लसणाच्या वाफ्यातून खुंटीपर्यंत चालत जाऊन ती हलवून बघितली. पक्की बसली होती. मग ती चहा टाकायला घराकडे वळली.

*

सरलाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची ओसरी. सरदारपूरचा संसार सोडून तेविसाव्या वर्षी ती एका ट्रंकेसकट परत आली, तिथून पुढचं तिचं सगळं आयुष्य या वावरात आणि धारच्या मुलींच्या शाळेत गेलं. आता शाळा सुटून पाच वर्षं झाली होती. वावर तेवढं राहिलं होतं.

ओसरीत सगळे बसले. सावित्रीबाईंनी, हंबीररावांच्या पत्नीने, सकाळी घरून आणलेले पोहे कागदावर वाढले. पोहे गार झाले होते आणि वरची शेव नरम पडली होती. खात कुणीच नव्हतं, पण हाताला काहीतरी काम हवं म्हणून प्रत्येकाने कागद पुढे ओढून घेतला.

शिवाजीरावांना बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. देवासला बत्तीस वर्षं कारखान्यात काढली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, वावर बटईने, पिकाच्या वाट्यावर, देऊन देऊन वैतागले. दर सोयाबीनला बटईदाराशी वाद, दर गव्हाला वाद. दिवाळीआधी एक खरेदीदार भेटला, त्याने दहा एकराचा इकरार, म्हणजे खरेदीचा करार केला, पूरे दस, असं दोनदा म्हणवून घेतलं आणि शिवाजीरावांनी मान हलवली. मान हलवताना त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. आता बहिणीसमोर बसून त्यांना त्याच सुटकेची लाज वाटत होती.

"सरले," ते शेवटी म्हणाले, "पाणी तुझंच राहील. मी त्या माणसाशी बोलतो ना."

"बोलशील. आणि तो ऐकेल?"

"भला माणूस आहे."

"भला माणूस तार घालणार आहे, भाऊ. चारी बाजूंनी. दिवाळीला तूच सांगून गेलास."

"मग लिहून घेऊ. रजिस्ट्रीतच लिहून घेऊ की बहिणीला पाणी द्यायचं."

"द्यायचं," सरला म्हणाली. कपबशा ठेवता ठेवता ती थांबली. "माझ्या पैशाने खणलेल्या बोरिंगचं पाणी मला कुणीतरी द्यायचं. रोज सकाळी तारेपाशी उभी राहू का? की भैया, आज मोटर चालू करा, लसूण सुकतोय?"

शिवाजीरावांनी कागदातले शेंगदाणे बाजूला काढायला घेतले.

"दुसरी बोरिंग घालून देऊ आत्या," रणवीर म्हणाला. "आपण सगळे मिळून."

"घातली होती ना. बघितलंस तू. नाल्याकडे दोन ठिकाणी खणलं, दोन्ही कोरडी. ही एकच लागली."

"पण आत्या, मृत्युपत्रात तर..." रणवीरने हात पसरले. "आम्ही तरी काय करणार? एकर लिहिलेत, एकराप्रमाणे मोजलं. काकासाहेबांचे दहा, बाबांचे दहा. कुणी कुणाचं खाल्लं तर नाही."

"मग माझे पाच कुठे गेले?"

सावित्रीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. हंबीररावांनी चहाला हात लावला नव्हता.

*

उत्तर काढलं ते कृतिकाने. शिवाजीरावांची मुलगी, देवासहून बापाला गाडीने घेऊन आली होती, कारण बापाला आता गाडी चालवायला डॉक्टरांची मनाई. मराठी तिला बोलायला येत असे, वाचायला घेतलं की मात्र बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं. तरीही तिने सकाळपासून मृत्युपत्राची झेरॉक्स दोनदा वाचली होती, आणि आता ती ओसरीच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती.

"पापा, एक मिनिट. दहा हेक्टर म्हणजे एकर किती?"

"पंचवीस," शिवाजीराव म्हणाले. रणवीरही म्हणाला. आतून सावित्रीबाईसुद्धा म्हणाल्या.

"कसे?"

"अगं, अडीच एकराचा एक हेक्टर. दहा अडीच पंचवीस. आम्हाला आबासाहेबांनी पाठच करून घेतलं होतं. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. रोज दिवेलागणीला ओळीत बसायचं आणि घोकायचं. एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात, चार अडीच दहा. चुकलं की जेवण उशिरा."

"पण पापा, अडीच नाहीये ते. दोन पॉइंट सत्तेचाळीस आहे."

"तेच ते. अडीचच झालं की."

"एका हेक्टरला चालून जातं. दहाला नाही." तिने फोन वर धरला. "चोवीस पॉइंट एकाहत्तर. पावणेपंचवीससुद्धा नाही. कागदावर पंचवीस एकर वाटलेत, आणि जमीन तेवढी नाहीच. कधी नव्हतीच. पाव एकराच्या वर कमी आहे."

रणवीरने फोन तिच्या हातातून घेतला, बघितला, परत दिला.

"आता ऐका," कृतिका म्हणाली. तिचं मराठी पुढे पुढे हिंदीत सरकत चाललं, पण कुणी टोकलं नाही. "जुने बांध जिथे आहेत ना, मी पटवारीच्या मशीनवर बघितलं, तिथे बिलकुल बरोबर चार हेक्टर, चार हेक्टर आणि दोन हेक्टर आहेत. म्हणजे आजोबांना वाटणी हेक्टरातच करायची होती. बांध सही घातले. फक्त लिहिताना चारचे दहा एकर केले आणि दोनचे पाच. दहा एकर तर चार हेक्टरपेक्षा जास्त होतात. बडेपापांचे पूरे दहा मोजले, तर रेघ आठ फूट सरकली. मग पापांचे पूरे दहा, पुन्हा आठ. सगळा घाटा जाऊन आत्यावर पडला. शेवटी आहे ना ती, म्हणून."

रणवीर मान लांब करून जुन्या बांधाकडे बघू लागला.

"मग बांध तिथेच ठेवू," सावित्रीबाई अंदाज घेत म्हणाल्या.

"ठेवले तर माझे दहा होत नाहीत, वहिनीसाहेब," शिवाजीराव म्हणाले. "किती होतात गं?"

"नऊ पॉइंट अठ्ठ्याऐंशी."

"बघा. आणि मी तर पूरे दहाचा शब्द दिलाय. इकरार मोडला तर तो मला कोर्टात उभा करेल. या वयात मला आता ते होत नाही."

"पापा, आत्याचं पाणी जातंय."

"मला दिसत नाही का?" त्यांचा आवाज फुटला. "मला सगळं दिसतं, फक्त वाचता येत नाही. तू माझी मुलगी आहेस की तिची वकील?"

कृतिका उठून सरलाच्या शेजारी जाऊन बसली. एवढी साधी गोष्ट, पण शिवाजीरावांना ती पोहोचली आणि त्यांनी मान खाली घातली.

*

सावित्रीबाईंचं सांगायचं तर नणंदेवर त्यांचा जीव होता असं कुणी म्हणणार नाही. ट्रंक घेऊन वन्सं परत आल्या तेव्हा रणवीर चार वर्षांचा होता. घर तसं लहानच, त्यात एक खोली वन्संना गेली. पुढे पाच एकरही गेले. तेव्हा सावित्रीबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, की मुलीला साडीचोळी देतात, जमीन कोण देतं? सासऱ्यांपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून हे नवऱ्यालाच ऐकवलं आणि मग वर्षानुवर्षं अधूनमधून ऐकवत राहिल्या. त्यामुळे आज खुंटी बोरिंगच्या पलीकडे गेली तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते काही फार चांगलं नव्हतं. ते त्यांचं त्यांना कळलं आणि वाईटही वाटलं.

पण अठ्ठेचाळीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं त्या माणसाचं गप्प बसणं बाईला कळतं. हंबीरराव दमले की चिडतात, भूक लागली की चिडतात, कंटाळा आला की सरळ उठून गाडीत जाऊन बसतात. आज ते यातलं काहीच करत नव्हते. चहावर साय धरली होती आणि ते सायीकडे बघत होते. कृतिकाने हिशेब सांगितला तेव्हा सगळे चमकले, हे चमकले नाहीत.

"अहो," सावित्रीबाई हळूच म्हणाल्या, "काय झालंय?"

"काही नाही."

"बरं वाटत नाही का?"

"वाटतंय."

"मग चहा का तसाच?"

हंबीररावांनी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. रणवीर म्हणाला, "आई, बाबांना घरी नेतो मी. सही करून निघू. आपले दहा तर कुठे जात नाहीत. काकासाहेब आणि आत्या आपसात बघतील."

हे बोलणं तसं शहाणपणाचं होतं. घरी जाऊन आंघोळ करता आली असती, अंग टाकता आलं असतं. सावित्रीबाईंचे गुडघे तीन दिवस ठणकत होते. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी मुलाला हाताने थांबवलं.

"यांना काहीतरी बोलायचंय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बोला. नाहीतर मी बोलते, आणि मला तर काही माहीतही नाही."

*

हंबीररावांना सगळं माहीत होतं. झाकली मूठ चौतीस वर्षं त्यांनी झाकूनच ठेवली होती.

त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, नकाशे काढण्यात. हेक्टर आणि एकर हा त्यांचा रोजचा घास होता. दोन पूर्णांक चारशे एकाहत्तर हा आकडा त्यांना झोपेत उठवून विचारला तरी सांगता आला असता. त्या उन्हाळ्यात आबासाहेबांनी त्यांना समोर बसवलं, कोरा कागद दिला आणि म्हणाले, लिही. हेक्टर सरकारचं, आपण एकरात लिहू. चार हेक्टर म्हणजे किती? चार अडीच दहा. दोन अडीच पाच. लिही.

पेन थांबलं होतं, हे खरं. आबासाहेबांनी विचारलं, का रे? आणि हंबीरराव म्हणाले, काही नाही. आबासाहेबांना त्यांची अडीचकी चुकते असं सांगणारा माणूस त्या घरात जन्माला यायचा होता. चाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि छाती झाली नाही. एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण लिहिता लिहिता त्यांच्या मनात दुसरंही येऊन गेलं होतं, की मोजणी झालीच तर थोरल्याकडून होणार, आणि आपले दहा पूर्ण होणार. कमी पडलं तर शेवटी पडेल. ते मनात आलं आणि त्यांनी दहा लिहिले.

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी पाय लांब केले.

"मृत्युपत्र मी लिहिलंय," ते म्हणाले.

"माहीत आहे बाबा, अक्षर तुमचंच आहे," रणवीर म्हणाला.

"मध्ये बोलू नको. अडीच नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. आबासाहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. शेवटी कुणाच्या अंगावर येणार हेही कळत होतं." ते थांबले. पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं आणि ते लपवायचं बळ उरलं नव्हतं. "आणि बोरिंगच्या वेळी हिने मला विचारलं होतं. अठरा वर्षं झाली. पाणाड्याने बांधाजवळची जागा दाखवली तेव्हा ही धारला घरी आली आणि म्हणाली, दादा, बांधाच्या फार जवळ येतंय, चालेल ना? मी म्हटलं, घाल. म्हणालो की नाही गं?"

"म्हणालात," सरला म्हणाली.

"तेव्हा तरी सांगायचं. पाच फूट, दहा फूट तिकडे घाल म्हणायचं. मला वाटलं, मोजायला कोण येतंय. आपलीच माणसं. उगाच जुनं कशाला उकरा."

शिवाजीराव आ वासून भावाकडे बघत होते. "दादा, तीन दिवस तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. त्या पटवाऱ्याला खुंट्या दाखवत."

"होतो."

"मला एकदा म्हणायचं होतं."

"म्हणायचं होतं," हंबीरराव म्हणाले. "रोज सकाळी म्हणायचं ठरवून यायचो."

कुणी त्यांना काही लागेल असं बोललं नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं, असं त्यांना वाटलं.

"पटवाऱ्याला बोलव," ते रणवीरला म्हणाले. "सरलाचा बांध जिथे आहे तिथेच. शिवाजीला दहा पाहिजेत ना, त्याचे दहा माझ्याकडून पुरे करा. माझ्या आणि त्याच्यामधली रेघ माझ्या अंगावर घ्या. किती येईल गं पोरी?"

कृतिकाने हिशेब केला. "जुन्या बांधापासून आठ फूट, बडेपापा. तुमचे मग नऊ पॉइंट सत्त्याहत्तर राहतील."

"पावणेदहा. पुष्कळ झाले."

"आत्याचेही पाच होत नाहीत पण. चार पॉइंट चौऱ्याण्णव."

"असू दे," सरला म्हणाली. "बांध आहे तिथे राहिला की झालं. मला बांधापर्यंतच हवं होतं."

रणवीर उठून उभा राहिला होता. "बाबा, मला एक सांगा. आठ फुटांचं नाही म्हणत मी. आठ फुटांनी काही बिघडत नाही. पण आपणच का? चूक आबासाहेबांची, विकतायत काकासाहेब, बोरिंग आत्याची. आणि द्यायचं आपण?"

"चूक माझी आहे."

"तुम्ही नुसतं लिहिलंत."

"रणवीर," सावित्रीबाई म्हणाल्या, "पटवाऱ्याला बोलवून आण. जा." तो गेला नाही तशी त्यांनी पुन्हा, त्याच आवाजात, जा म्हटलं आणि तो गेला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आठ फूट," त्या म्हणाल्या. "आठ फुटांसाठी चौतीस वर्षं घशात धरून बसलात. मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बरं झालं."

सावित्रीबाईंनी नणंदेकडे बघितलं नाही. "म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, आणि खाली वाकून पोह्यांचे कागद गोळा करू लागल्या.

*

पटवाऱ्याने कुरकुर केली, पण फार नाही. त्यालाही सरदारपूर गाठायचं होतं. "आपसी सहमति है तो मेरे को क्या," असं म्हणून त्याने लसणातली खुंटी उपटली आणि वर जाऊन तिथलीही काढून, वरच्या बांधाच्या आठ फूट रस्त्याकडे, हंबीररावांच्या ढेकळांत, नवी ठोकली. शिवाजीराव त्याच्यामागे गेले. खुंटी बसल्यावर त्यांनी वाकून, डोळ्यांजवळ नेल्यासारखं करून ती बघितली आणि म्हणाले, "वहिनीसाहेबांना सांग गं कृतिका, माझ्या मनात पाप नव्हतं." कृतिका म्हणाली, "तुम्हीच सांगा ना पापा." ते त्यांनी सांगितलं नाही.

पंचनाम्यावर सह्या झाल्या. आधी हंबीरराव, मग शिवाजीराव, मग सरला. रणवीरने साक्षीदार म्हणून केली आणि पेनचं टोपण न लावता परत दिलं. साडेतीनला पटवाऱ्याची मोटरसायकल रस्त्याला लागली. शिवाजीरावांना अंधारायच्या आत देवास गाठायचं होतं, ते आणि कृतिकाही निघाले. कृतिका गाडीत बसायच्या आधी आत्याच्या पाया पडली. सावित्रीबाई डबे घेऊन रणवीरच्या गाडीत जाऊन बसल्या.

हंबीरराव ओसरीतच होते. सरलाने मोटर चालू केली होती आणि वाफ्यात पाणी सोडून ती हात पुसत परत आली.

"मोजून घे तू पुन्हा कधीतरी," ते म्हणाले. "चुकलं असेल तर सांग."

"नाही चुकलं."

"तुला कसं कळलं?"

"दादा, मी एकोणतीस वर्षं आठवीला गणित शिकवलं. हेक्टरचे एकर करा, एकराचे हेक्टर करा. दरवर्षी." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "मृत्युपत्र वाचून दाखवलंत त्याच संध्याकाळी मी हिशेब केला होता."

हंबीररावांना आधी नीट समजलंच नाही. मग समजलं.

"मग बोरिंगच्या वेळी..."

"म्हणून तर विचारायला आले होते. तुम्ही नकाशे काढणारे. मला वाटलं, आता सांगतील. तुम्ही घाल म्हणालात. मला वाटलं, कागदावरचं जादाचं आपण होऊन सोडलंय यांनी, बोलून दाखवत नाहीत एवढंच. मी खुशीत घरी आले होते त्या दिवशी."

"तू का नाही बोललीस? आजसुद्धा. पोरीने हिशेब सांगितला, तू नुसती बसून राहिलीस."

"मी बोलले असते तर ते माझं मागणं झालं असतं. या घरात मी एकदा मागितलंय, दादा, ट्रंक घेऊन आले तेव्हा. ते वहिनीसाहेबांना अजून आठवतं. पुन्हा मागायचं नव्हतं. तुम्ही सांगता का, तेवढंच बघायचं होतं."

"सांगितलं मी."

"सांगितलंत," सरला म्हणाली. "पण आज खुंटी ठोकल्यावर दीड तास गेला. त्या दीड तासात मला कळलं, की तुम्ही त्या वेळी काही सोडलं नव्हतं. अठरा वर्षं मी उगाचच खुशीत होते."

बाहेर रणवीरने हॉर्न दिला. हंबीररावांनी हात पुढे केला, तिच्या डोक्यावर ठेवायला की आधाराला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सरलाने तो धरून त्यांना उभं केलं, टोपी दिली, पायरीपर्यंत सोडलं.

"पाणी राहिलं ना तुझं," ते पायरीवरून म्हणाले.

"राहिलं. आता या तुम्ही, मला पडायचंय जरा," ती म्हणाली, आणि ते गाडीपर्यंत पोहोचायच्या आधीच आत जाऊन तिने दार लावून घेतलं.